कर्ता गाळलेली नदी

मराठीचे व्याकरण शिकवताना एक गोष्ट दरवर्षी नव्याने जाणवते. आपल्या भाषेत कर्मणी प्रयोगातही कर्ता हजर असतो. 'रामाने आंबा खाल्ला' या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मर्जीने चालते हे खरे, पण राम नाहीसा होत नाही. 'ने' या प्रत्ययाचा टेकू घेऊन का होईना, तो वाक्यात उभा असतो आणि आंबा कोणी खाल्ला याचा जाब त्याला विचारता येतो. त्याला वाक्यातून पुरते घालवून द्यायचे तर 'आंबा खाण्यात आला' असे म्हणावे लागते. आंब्याच्या बाबतीत ही रचना हास्यास्पद वाटते. पण 'रस्ता रुंद करण्यात आला', 'वस्ती हलविण्यात आली', 'पाणी सोडण्यात आले' ही वाक्ये आपण रोज वर्तमानपत्रांत वाचतो आणि त्यांतला रिकामा पाट आपल्या नजरेत येत नाही. कार्यालयीन मराठीने हा साचा रूढ केला. आता पर्यटनाने तो उचलला आहे, आणि प्रस्तुत तक्रार या दुसऱ्या उचलेगिरीबद्दल आहे.

गेल्या मे महिन्यात सिंगापूरमध्ये एका पर्यटन कंपनीची 'संध्याकाळची नगरफेरी' केली. मराठी मंडळींच्या सहलींत ही फेरी आता सत्यनारायणाच्या प्रसादासारखी ठरलेली असते. मरलायनसमोर छायाचित्र, पावणेआठला 'गार्डन्स बाय द बे'मधल्या पोलादी महावृक्षांवरचा प्रकाशखेळ, तिथून क्लार्क कीच्या धक्क्यावर येऊन चाळीस मिनिटांचा नौकाविहार, नऊच्या ठोक्याला नावेतूनच मरीना बेची नाचती कारंजी, आणि शेवटी लिटल इंडियात भारतीय जेवण, त्यात जैनांची वेगळी सोय. आमचे टूर मॅनेजर अगत्याचे आणि वक्तशीर गृहस्थ होते. नावेतले ध्वनिमुद्रित इंग्रजी निवेदन वडीलधाऱ्यांना कळावे म्हणून ते लगोलग त्याचे मराठी करून सांगत. 'ही नदी दहा वर्षांत स्वच्छ करण्यात आली.' 'जुन्या गोदामांचे जतन करण्यात आले.' 'समुद्र हटवून ही जमीन तयार करण्यात आली.' संबंध फेरीत कर्ता असलेले वाक्य एकच ऐकू आले: 'सर स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी आधुनिक सिंगापूर वसवले.'

नदी स्वच्छ 'करण्यात आली' म्हणजे नेमके कोणी काय केले? फेब्रुवारी १९७७मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी सिंगापूर नदी आणि कालांग खोरे दहा वर्षांत स्वच्छ करण्याचे फर्मान काढले. त्या वेळची नदी म्हणजे उघडे गटार होते याबद्दल दुमत नाही. काठच्या झोपड्यांचा मैला, डुकरे आणि बदके पाळणाऱ्यांच्या गोठ्यांची घाण, फेरीवाल्यांचे खरकटे, दुरुस्तीच्या कारखान्यांचे तेल, सारे तिच्यातच जाई. मग सुमारे २६ हजार कुटुंबांना सरकारी इमारतींतल्या सदनिकांत हलवले गेले. सुमारे पाच हजार फेरीवाल्यांना नळ आणि मोऱ्या असलेल्या बांधीव बाजारांत गाळे मिळाले. डुकरांचे गोठे खोऱ्यातून उठले आणि पुढे काही वर्षांतच तो व्यवसाय सबंध बेटावरून संपला. मैलावाहिन्या टाकल्या गेल्या, तळाचा गाळ उपसला गेला. १९८७ साली काम पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. आता याच मजकुरात मीही 'हलवले गेले', 'टाकल्या गेल्या' असे लिहितो आहे, कारण फर्मान काढणाऱ्याचे नाव इतिहासात आहे आणि गाळ उपसणाऱ्याचे नाही. परंतु निदान इतके तरी सांगता येते की कोणी फर्मान काढले, कोण उठले आणि उठलेल्यांना काय मिळाले. आमच्या फेरीला हेही नको होते.

ज्या नावेत आम्ही बसलो होतो तिची कथा तर याहून बोलकी आहे. आज विजेवर चालणारी, कंदील टांगलेली ही 'बमबोट' म्हणजे जुना मालवाहू पडाव. मोठी जहाजे बाहेर समुद्रात नांगर टाकीत आणि तांदूळ, रबर, मसाले या पडावांतून नदीकाठच्या गोदामांपर्यंत येत. तिथून अरुंद फळीवरून पोती पाठीवर घेऊन चढणारे हमाल चिनी, तमिळ, मलय. नावेच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असत, आजही असतात. नावेला वाट दिसावी ही त्यामागची श्रद्धा. १९८३ साली असे सुमारे आठशे पडाव या नदीतून पश्चिमेला पासिर पांजांग येथे हलवले. नदीच्या शांत पाण्यासाठी बांधलेल्या त्या होड्यांना तिथला उघडा समुद्र मानवला नाही. कंटेनरच्या जमान्यात त्यांचा धंदा तसाही आटत चाललाच होता. तो लवकर आटला. काही वर्षांनी तीच होडी, तेच डोळे, बाके आणि ध्वनिक्षेपक बसवून नदीत परत आली. तांडेल आणि हमाल मात्र परत आले ते काठावरचे ब्राँझचे पुतळे होऊन. नदीत उड्या टाकणारी पाच पोरे, चेट्टियार सावकार, बैलगाडी आणि पोती असे ते शिल्पसमूह २००० सालानंतर बसवलेले आहेत. शिल्पे म्हणून ती चांगली आहेत. आमच्या नावेतल्या सर्वांनी त्यांची छायाचित्रे घेतली, आणि निवेदनात त्यांची ओळख 'जुन्या काळातील जनजीवन' अशी झाली. 'जनजीवन' हा शब्दही मोठा सोयीचा आहे. त्यात जन असतात, पण एकही माणूस नसतो.

नदीच्या मुखाशी एके काळी सुमारे तीन मीटर उंचीची एक शिळा होती, तिच्यावर प्राचीन लेख कोरलेला होता. रॅफल्सबरोबर वावरलेला मलय लेखक मुन्शी अब्दुल्ला याने आपल्या आत्मकथनात तिची हकिगत दिली आहे. हिंदू म्हणत ही आमची लिपी, चिनी म्हणत आमची. वाचता कोणालाच येईना. १८४३ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी बांधकामासाठी ही शिळा सुरुंग लावून फोडली. तिचा एक तुकडा आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्यावरचा लेख अजूनही समाधानकारकपणे लागलेला नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याला या नदीवर याहून मोलाची जागा कोणती? आमची नाव त्या जागेवरून गेली तेव्हा समोरच्या टपाल कार्यालयाचे पंचतारांकित हॉटेलात रूपांतर 'करण्यात आले' असल्याचे आम्ही ऐकत होतो.

रॅफल्सची गोष्ट सिंगापूरकरांनी स्वतः अधिक शहाणपणाने हाताळली आहे. २०१९च्या जानेवारीत, त्याच्या आगमनाला दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने, नदीकाठचा त्याचा पांढरा पुतळा एका कलावंताने असा रंगवला की ठरावीक जागेवरून पाहता तो मागच्या उंच इमारतीत विरघळून जावा. मग त्याच्या शेजारी आणखी चार पुतळे तात्पुरते उभे राहिले: सांग निला उतामा, तान तोक सेंग, मुन्शी अब्दुल्ला आणि नारायण पिल्लै. कर्ता एकच नव्हता, हे त्या शहराने जाहीर चौकात कबूल केले. मरलायनचेही तसेच. हे सिंहमत्स्याचे चिन्ह १९६४ साली पर्यटन मंडळाच्या बोधचिन्हासाठी आखले गेले, १९७२ साली त्याचा पुतळा उभा राहिला. एडविन थंबू यांनी १९७९ साली त्याच्यावर कविता लिहिली आणि पुढच्या पिढीच्या आल्फियन सात यांच्यासारख्या कवींनी आपल्या कवितांतून त्या चिन्हाशी उघड भांडण मांडले. म्हणजे ज्या चिन्हासमोर आपण गळ्यात हात टाकून उभे राहतो, त्याच्यावरून तिथल्या साहित्यात अर्धशतक वाद चालू आहे. आपल्या सहलीत तो फक्त पाणी ओकतो.

कोणी म्हणेल, पर्यटकाने हे सारे कशाला ऐकायचे? वर्षभर राबून चार दिवस रजा काढलेल्या माणसाला संध्याकाळी गार वारा आणि चार दिवे पाहू द्या, तिथे कैदी, हमाल आणि डुकरांचे गोठे कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. पर्यटन म्हणजे पीएच.डी.ची मौखिक परीक्षा नव्हे. पण ही नगरफेरी गप्प बसत नाही, हा मुद्दा आहे. ती चाळीस मिनिटे अखंड बोलते. तिने नुसते दिवे दाखवले असते तर तक्रारीला जागा नव्हती. तिने इतिहास सांगायला घेतला आणि त्यातून माणसे वेचून काढली. शिवाय आपली उत्सुकता या निवेदनाला वाटते तितकी दुबळी नसते. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलजवळून बस जात असताना एका आजींनी विचारले, 'एवढं पांढरं शुभ्र कसं हो ठेवतात?' उत्तर आले, 'दर काही वर्षांनी रंगवण्यात येते.' खरे उत्तर त्या आजींना नक्की आवडले असते. ते चर्च १८५६ ते १८६१ या काळात हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांनी बांधले. त्याच्या गिलाव्यात शिंपल्यांचा चुना, अंड्यांचा पांढरा बलक आणि जाडी साखर मळलेली होती, आणि नारळाची सोडणे भिजवलेले पाणी. मद्रासी चुन्याची ही कृती. १८२५पासून १८७३पर्यंत कंपनीने आणि नंतर इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या जन्मठेपेच्या कैद्यांना सिंगापूरला आणून त्यांच्याकडून रस्ते, पूल, दीपगृहे बांधून घेतली. आजचे राष्ट्राध्यक्षांचे निवासस्थानही त्यांच्याच हातचे. त्यांत बंगाल आणि मद्रास इलाख्यांबरोबर मुंबई इलाख्यातलेही कैदी होते. चाळीस मराठी माणसांच्या बसमध्ये ही एक ओळ सांगायला किती सेकंद लागले असते?

आता दिवे. पोलादी महावृक्ष अठरा आहेत, पंचवीस ते पन्नास मीटर उंच. काहींच्या माथ्यावर सौरपट्ट्या आहेत, काहींच्या पोटातून शेजारच्या काचगृहांच्या शीतयंत्रणेची हवा बाहेर पडते. झाडाच्या रूपातले धुराडे ही कल्पना मला मनापासून आवडली, आणि ती झाकण्यात काय मिळवले हे कळले नाही. संगीतावर रंग बदलताना जो तो मान वर करून, आडवा पडून पाहत होता; मीही पाहिले. ते सुंदर आहे. पलीकडच्या खाडीत रोज रात्री चालणारा पंधरा मिनिटांचा पाण्याचा आणि लेसरचा खेळ 'विनामूल्य' असल्याचे आम्हांला तीनदा सांगितले गेले. तो ज्या संकुलाचा आहे त्याच्या पोटात जुगारघर आहे. तिथे शिरताना सिंगापूरच्या नागरिकाला आणि कायम रहिवाशाला दिवसाचे दीडशे डॉलर मोजावे लागतात, परदेशी पाहुण्याला काहीच नाही. स्वतःच्या माणसांना ज्या दारापासून सरकार परावृत्त करते, त्या दाराशी पाहुण्यांना आणणाऱ्या दिव्यांना विनामूल्य म्हणणे, हे भाषेच्या प्राध्यापकाला तरी पचत नाही.

आणि ज्या पाण्यावर हे दिवे पडतात ते आता नदीचे पाणी राहिलेले नाही. २००८ साली खाडीच्या तोंडाशी धरणभिंत झाली. भरती-ओहोटी थांबली, खारे पाणी हळूहळू गोडे झाले आणि सबंध मुख हा शहराचा एक जलाशय बनला. पाण्यासाठी मलेशियावर अवलंबून असलेल्या बेटाने केलेली ही विलक्षण कामगिरी आहे, ती मन भरून सांगण्यासारखी गोष्ट आहे. भोवतालची जमीनही भराव घालून केलेली. १९६०च्या सुमारास ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास असलेला हा देश आज ७३०च्या पुढे गेला आहे. त्यासाठी शेजाऱ्यांची वाळू लागली, इतकी की इंडोनेशियाने २००३मध्ये समुद्रातल्या वाळूच्या आणि कंबोडियाने २०१७मध्ये सर्वच वाळूच्या निर्यातीवर बंदी घातली. इंडोनेशियाने ती पुढे २०२३मध्ये सैल केली. 'जमीन तयार करण्यात आली' या तीन-चार शब्दांखाली कोणाचे तरी किनारे आहेत.

शेवटचा मुक्काम लिटल इंडिया. पनीर बरे होते. ८ डिसेंबर २०१३ रोजी, रविवारच्या सुटीच्या संध्याकाळी, याच भागात कामगारांना वसतिगृहांकडे नेणाऱ्या खाजगी बसखाली ३३ वर्षांचा एक तमिळ बांधकाम कामगार सापडला आणि मरण पावला. त्यानंतर उसळलेल्या दंग्यात सुमारे तीनशे माणसे होती. पुढे पन्नासहून अधिक जणांची मायदेशी रवानगी झाली आणि या भागात दारूविक्रीवर खास निर्बंध आले. एप्रिल २०२०पासून करोनाने कामगारांची हीच वसतिगृहे गाठली. त्यांत राहणाऱ्या तीन लाखांवर कामगारांपैकी ४७ टक्क्यांना संसर्ग होऊन गेल्याचे सरकारने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जाहीर केले. सिंगापूरने ते आकडे लपवले नाहीत, उपचारही केले. परंतु कामगारांच्या बाहेर पडण्यावरचे निर्बंध इतर शहर मोकळे झाल्यावरही दीर्घकाळ राहिले. हे टॉवर, ही झाडे, हे काठ ज्यांनी बांधले ते हेच लोक: तमिळ, बांगलादेशी, चिनी. २०१४पासून तिथे स्थलांतरित कामगारांची काव्यस्पर्धा होते, तिची सुरुवात बंगाली कवितांपासून झाली. त्याआधी तीन वर्षे, २०११मध्ये, तिसरे विश्व मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले होते. नारायण सुर्वे ज्या भाषेत झाले त्या भाषेच्या वाचकाला या कामगारकवितेचा पत्ता कोणी तरी द्यायला हवा.

इथे आपल्या प्रवासवर्णनांकडे वळणे भाग आहे, कारण दोष एकट्या पर्यटन कंपन्यांचा नाही. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' घ्या. १८५७च्या धुमाळीत सापडलेला हा वरसईचा भिक्षुक, पण दक्षिणा कोणी किती दिली, कोणी लुटले, कोणी आसरा दिला, हे तो कर्त्यासकट सांगतो. त्याच्या वाक्यांत माणसे गर्दी करून असतात. पूर्वेच्या देशांत हिंडून पु. लं.नी 'पूर्वरंग' लिहिले, त्यातही देशाआधी माणूस भेटतो. आज पुरवण्यांतून आणि समाजमाध्यमांवरून येणारी सिंगापूरवर्णने वाचावीत तर सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेलाच क्रियापदे जोडलेली असतात. शिस्त पाहून लेखक भारावतो, रस्त्यावर कागदाचा कपटा दिसत नाही, आणि शेवटी तो हमखास प्रश्न येतो: 'आपल्याकडे असे का होत नाही?'

या प्रश्नाला उत्तर आहे. तो विचारणाऱ्याला ते नको असते, कारण उत्तरात कर्ता येतो. तिथे आधी फेरीवाल्याला गाळा मिळाला, मग रस्ता मोकळा झाला. आधी झोपडीतल्या कुटुंबाला घर, मग काठ. आधी मैलावाहिनी, मग मासे. त्यात सक्ती होती, अन्यायही झाला. उठणाऱ्यांना नकार देण्याची सोय नव्हती आणि पिढीजात धंदे बुडाले. हटवलेल्या फेरीवाल्यांच्या संस्कृतीलाच २०२०मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत स्थान मिळाले, हा त्यातला वेगळा विनोद. पण सक्ती आणि कर्तबगारी या दोन्हींचा हिशेब मांडायचा तर आधी क्रम कळायला हवा, आणि संध्याकाळची नगरफेरी नेमका तोच पुसते. दिवसा दिसणारे रात्री दिसत नाही. जे उजळले आहे तेवढेच सिंगापूर, अशी समजूत घेऊन आपण विमानात बसतो.

या समजुतीची किंमत पुण्यात मोजली जाते आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या ४४ किलोमीटर काठाच्या 'सुधारणे'च्या प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२मध्ये झाली. मैलापाणी शुद्ध करण्याच्या, 'जायका' या नावाने पुणेकरांच्या परिचयाच्या योजनेला केंद्राची मंजुरी २०१६ सालची, आणि ती त्यानंतर कित्येक वर्षे रखडली. काठावरची झाडे, पुराची पातळी, पात्राची रुंदी यांबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना सभांतून आणि गृहसंकुलांच्या गप्पांतून एकच उत्तर ऐकावे लागते: 'सिंगापूर पाहिलंत का?' पाहिले आहे, म्हणूनच विचारतो. तिथे नदी स्वच्छ करण्याचा आदेश १९७७चा, स्वच्छ झाल्याचा सोहळा १९८७चा आणि मरीना बे सँड्सचा पहिला प्रकाशखेळ २०११चा. मधली चौतीस वर्षे नावेतल्या निवेदनात नव्हती.